गणितसारसंग्रहातील स्पर्शवर्तुळे : एक परीक्षण

राष्ट्रकूट नृपती तिसरा गोविंद याचा नाशिक जिल्ह्यात वणी येथे सापडलेला ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. नवव्या शतकाच्या पहिल्या दशकातील हे दानपत्र मयूरखंडी येथून दिले गेले. आणि हे स्थळ सप्तशृंगाच्या परिसरातील एका डोंगरी किल्ल्याशी काही संशोधकांनी जोडले आहे. याच गोविंदाचा पुत्र अमोघवर्ष याच्या राजवटीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. रंगाचार्यांनी संपादिलेली त्याची इंग्रजी अनुवादासह आवृत्ती १९१२ साली मद्रास येथे निघाली, आणि लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद १९६३ साली सोलापुरातून प्रकाशित झाला. ग्रंथ अशा रीतीने हाताशी असता त्याविषयी केवळ गौरवोद्गार काढून थांबणे, अथवा आधुनिक भूमितीपुढे तो जुना झाला म्हणून बाजूस ठेवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अनुचित होत. क्षेत्रगणितव्यवहारातील परस्परांस स्पर्श करणाऱ्या वर्तुळांचे नियम या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

नियम थोडक्यात असे. चार समान वर्तुळे एकमेकांस स्पर्श करीत चौकात मांडली, तर मधल्या पोकळीचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गातून एका वर्तुळाचे क्षेत्रफळ वजा केल्याने मिळते. तीन समान वर्तुळे असता व्यासाइतकी बाजू असलेल्या समभुज त्रिकोणाच्या क्षेत्रफळातून अर्ध्या वर्तुळाचे क्षेत्रफळ वजा करावे. दोन्ही नियम निर्दोष आहेत. केंद्रे सांधली की पहिल्या आकृतीत चौरस व दुसरीत समभुज त्रिकोण उभा राहतो. चौरसाचे चार कोन मिळून एक पूर्ण वर्तुळ व्यापतात. त्रिकोणाचे तीन कोन मिळून अर्धे. ही उपपत्ती सूत्रात सांगितलेली नाही. परंतु ती मनात असल्यावाचून सूत्र सुचणे शक्य नाही, असे मानावयास हरकत नाही.

दोष आहे तो नियमात नव्हे, तर त्यात घालावयाच्या मूल्यात. परीघ व व्यास यांच्या गुणोत्तरासाठी महावीराचार्य स्थूल मूल्य ३ आणि सूक्ष्म मूल्य १० चे वर्गमूळ घेतात. या सूक्ष्म मूल्याने वर्तुळाचे क्षेत्रफळ शेकडा ०·६६ इतकेच अधिक येते, आणि व्यवहारात ते क्षम्य आहे. पोकळीच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. व्यास १० धरला तर चार वर्तुळांमधील पोकळी २१·४६ यावयास हवी. ती २०·९४ येते. तीन वर्तुळांमधील पोकळी ४·०३ ऐवजी ३·७७ येते. म्हणजे चूक शेकडा सहाहून अधिक होते. जवळजवळ सारख्या दोन राशींची वजाबाकी केली असता मूळची लहानशी चूक बाकीत कशी फुगते, याचे याहून स्वच्छ उदाहरण विद्यार्थ्यांस क्वचितच मिळेल. वर्तुळाकरिता जे मूल्य सूक्ष्म ठरते ते पोकळीकरिता सूक्ष्म राहत नाही, ही गोष्ट स्तुतिपर विवेचनात सहसा निसटते.

आता हीच तीन वर्तुळे दुसऱ्या एका साधनाने पाहावीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्टाइनर प्रभृतींनी व्यस्तनाची पद्धती रूढ केली. एक स्थिर बिंदू ‘म’ आणि एक स्थिर लांबी ‘त’ घ्यावी. प्रत्येक बिंदू ‘प’ चे स्थान, ‘म’ पासून त्याच दिशेस, अशा अंतरावर न्यावे की दोन्ही अंतरांचा गुणाकार ‘त’ च्या वर्गाइतका भरेल. यामुळे ‘म’ मधून जाणारे वर्तुळ सरळ रेषा बनते आणि इतर वर्तुळे वर्तुळेच राहतात. कोन बदलत नाहीत, स्पर्शही टिकतो.

महावीराचार्यांच्या तीन वर्तुळांपैकी दोहोंचा स्पर्शबिंदू ‘म’ मानला तर ती दोन वर्तुळे दोन समांतर रेषा होतात, आणि तिसरे त्या रेषांमध्ये दोहोंना स्पर्श करीत बसते. तिघांनाही स्पर्श करणारे चौथे वर्तुळ कोणते? समांतर रेषांमध्ये तिसऱ्याएवढेच एक वर्तुळ त्याच्या या बाजूस, आणि तेवढेच दुसरे त्या बाजूस. तिसरा पर्याय नाही. उलट परतल्यावर यांपैकी एक पोकळीत मावते व दुसरे तिन्ही वर्तुळांना कवेत घेते. मूळ व्यास १० असता त्यांच्या त्रिज्या अनुक्रमे ०·७७ व १०·७७ येतात. रेषांमध्ये हीच रांग दोन्ही दिशांस वाढवीत नेली, तर परतल्यावर स्पर्शबिंदूकडे लहान लहान होत जाणाऱ्या वर्तुळांची अखंड मालिका मिळते. असमान भासणारी ही मालिका समान वर्तुळांच्या एका साध्या रांगेचेच रूपांतर होय.

येथे एक मोह संभवतो. महावीराचार्यांनी समान वर्तुळे मांडली आणि व्यस्तनही अखेर समान वर्तुळांवरच येऊन ठेपते. म्हणून व्यस्तनाचे बीज त्यांच्या ग्रंथात आहे, असे म्हणण्याचा तो मोह आहे. तो टाळलाच पाहिजे. व्यस्तनाने स्पर्श व कोन टिकतात, क्षेत्रफळ टिकत नाही. पोकळीचे माप हाच महावीराचार्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर व्यस्तनाने मिळत नाही. उलट, स्पर्शवर्तुळे किती व कोणत्या क्रमाने बसतील, या प्रश्नास त्यांच्या सूत्रात जागा नाही. दोन प्रश्न भिन्न असता एकास दुसऱ्याचा पूर्वज ठरविणे जितके चूक, तितकेच एकास दुसऱ्याच्या तुलनेने मागासलेले म्हणणेही चूक होय.

साधनाचा अभाव हा दोष नव्हे, हे पॅपसच्या उदाहरणावरूनही दिसते. चौथ्या शतकातील या ग्रीक गणितज्ञाने तीन अर्धवर्तुळांच्या आकृतीत बसणाऱ्या वर्तुळमालिकेचे प्रमेय व्यस्तनावाचूनच सिद्ध केले. क्रमाने मोजता कोणत्याही वर्तुळाच्या केंद्राची पायापासूनची उंची त्याच्या व्यासाच्या तितक्या पट असते, असे ते प्रमेय आहे. व्यस्तनाने त्याची सिद्धता चार ओळींत संपते. पॅपसला दीर्घ मार्ग पत्करावा लागला. तथापि त्याने सिद्धता लिहून ठेवली, आणि गणितसारसंग्रहाचे खरे न्यून याच ठिकाणी जाणवते. उपपत्ती विस्ताराने लिहिण्याचा प्रघात भारतीय परंपरेत अपरिचित नव्हता. सोळाव्या शतकातील ज्येष्ठदेवाची ‘युक्तिभाषा’ त्याची साक्ष देते. मात्र पाठांतरास सोयीचे सूत्र देणाऱ्या ग्रंथात ती गुरुमुखावर सोपविली गेली, आणि गुरुपरंपरा तुटताच नियम उरला, कारण हरपले.

म्हणून या प्रकरणाच्या अध्ययनात विद्यार्थ्याने तीन गोष्टी कराव्यात हे इष्ट. नियमाची उपपत्ती स्वतः लिहावी. मूल्याची चूक पोकळीत किती वाढते ते मोजावे. आणि त्यानंतरच व्यस्तनाकडे वळून त्याच आकृतीस नवा प्रश्न विचारावा. असे केल्यास नवव्या शतकातील ग्रंथ पूजेचा विषय न राहता अभ्यासाचा विषय होईल. त्याच्या कर्त्यास याहून अधिक उचित मान देता येणार नाही.