आगामी प्रोसेसर : एका भाकीत-वाङ्मयाची चिकित्सा

समीक्षा ही सामान्यतः अस्तित्वात असलेल्या कृतीची होते. पुस्तक प्रकाशित होते, नाटक रंगभूमीवर येते आणि त्यानंतर समीक्षक त्याकडे वळतो. संगणकाच्या प्रोसेसरविषयी गेल्या काही दशकांत जे विपुल लेखन झाले आहे, त्याचा क्रम मात्र उलटा आहे. त्यातील फार मोठा भाग अद्याप बाजारात न आलेल्या वस्तूविषयी असतो. पुढील वर्षी येणाऱ्या चिपमध्ये किती कोअर असतील, तिचा वेग किती असेल, ती प्रतिस्पर्धी कंपनीच्या चिपला मागे टाकील काय, या प्रश्नांवर महिनोन्‌महिने चर्चा चालते. ती चिप प्रत्यक्ष हाती आली की काही आठवडे तिची मोजमापे प्रसिद्ध होतात आणि लेखण्या लगेच पुढच्या पिढीकडे वळतात. प्रस्तुत लेखात या लेखनाचा एक वाङ्मयप्रकार म्हणून विचार करावयाचा आहे.

हा छंदिष्टांचा निरुपद्रवी कुतूहलविषय आहे असे मानण्याची प्रथा आहे. ती स्वीकारता येत नाही. गुढीपाडव्याला पंचांगातील संवत्सरफल वाचले जाते. त्यात पावसाचे भाकीत असते. परंतु त्या वाचनामुळे पाऊस कमी-अधिक होत नाही. प्रोसेसरचे भाकीत मात्र आपल्या विषयावरच परिणाम करते. ते ऐकून ग्राहक खरेदी थांबवतो, स्पर्धक आपला प्रकल्प गुंडाळतो, सॉफ्टवेअर लिहिणारे आपली दिशा बदलतात. भाकिताचा विषय अस्तित्वात येण्यापूर्वीच त्या भाकिताने जग थोडे बदललेले असते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये स्वतःला खरे ठरवणाऱ्या भाकिताची संकल्पना मांडली, तिचे औद्योगिक उदाहरण म्हणून या क्षेत्राकडे पाहता येईल. फरक एवढाच की येथे भाकीत खोटे ठरले तरी त्याचे परिणाम खरे राहतात.

या परंपरेचा मूळ ग्रंथ म्हणता येईल असा लेख गॉर्डन मूर यांनी एप्रिल १९६५ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स' या नियतकालिकात लिहिला. एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी सुमारे दुप्पट होत आहे आणि १९७५ पर्यंत ती ६५,००० वर जाईल, असा त्यांचा अंदाज होता. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच हा कालावधी दोन वर्षांचा केला. त्यांनी वर्तवला तो अंदाज. लोकांनी त्याला 'नियम' म्हटले. या शब्दबदलाचे महत्त्व कमी लेखू नये. अंदाज चुकला तर कोणी दोषी ठरत नाही, नियम मोडला तर कोणीतरी दोषी ठरते. पुढे अर्धसंवाहक उद्योगाने एकत्र येऊन अनेक वर्षांचे मार्गदर्शक आराखडे प्रसिद्ध केले आणि कोणत्या वर्षी कोणते तंत्र सिद्ध झाले पाहिजे हे त्यात नोंदवले. यंत्रसामग्री बनवणारे, रसायने पुरवणारे, संरचना करणारे सर्वजण त्या तारखांकडे पाहून काम करू लागले. भाकीत वेळापत्रक झाले आणि बराच काळ ते पाळलेही गेले.

येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. तक्रार सुरू होते ती एखाद्या कंपनीच्या विक्रीविभागाने या भविष्यवाणीचा सूर उचलला तेथून.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे इटॅनियम. जून १९९४ मध्ये इंटेल आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी नव्या प्रकारच्या प्रोसेसरवर एकत्र काम करण्याचे जाहीर केले. त्यामागील कल्पना खरोखर आकर्षक होती. एकाच वेळी कोणकोणत्या आज्ञा पार पाडता येतील हे ठरवण्याचे काम चिपकडून काढून घ्यावे आणि आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरकडे सोपवावे, म्हणजे चिप साधी राहील व वेगवान होईल, अशी ती योजना होती. या योजनेतील निर्णायक कडी म्हणजे तो कंपायलर. आणि तेवढा कुशल कंपायलर कोणाजवळच नव्हता. तो पुढे होईल असे गृहीत धरले गेले. म्हणजे एका भाकिताच्या पोटात दुसरे भाकीत होते. नव्वदच्या दशकात प्रसिद्ध झालेले इटॅनियमविषयीचे कौतुकपर लेखन वाचताना हे दुसरे भाकीत क्वचितच दिसते. बाजाराचे विश्लेषण करणाऱ्या संस्था काही वर्षांतच अब्जावधी डॉलरच्या विक्रीचे आलेख काढू लागल्या होत्या, आणि आलेखावरील चढत्या रेषेत कंपायलरची अडचण दाखवण्याची सोय नसते.

'मर्सेड' या सांकेतिक नावाचा पहिला इटॅनियम प्रत्यक्षात मे २००१ मध्ये आला. तो उशिरा आला होता आणि जुन्या एक्स८६ आज्ञावली चालवण्यात तो फारच मंद होता. परंतु त्याच्या आगमनापूर्वीच त्याने मोठा प्रदेश जिंकला होता. ह्युलेट-पॅकार्डने आपली पीए-रिस्क ही प्रोसेसरमालिका त्याच्यासाठी बाजूला ठेवण्याचे ठरवले होते. सिलिकॉन ग्राफिक्सनेही आपल्या मोठ्या यंत्रांसाठी मिप्सऐवजी इटॅनियमची वाट धरली होती. सर्वांत खेदजनक गोष्ट अल्फाची. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९९२ मध्ये आणलेला हा प्रोसेसर आपल्या काळातील सर्वांत वेगवान प्रोसेसरांपैकी एक होता. १९९८ मध्ये ती कंपनी कॉम्पॅककडे गेली. जून २००१ मध्ये, मर्सेड बाजारात येऊन जेमतेम महिना होत असताना, कॉम्पॅकने अल्फाचा पुढील विकास थांबवून इटॅनियम स्वीकारण्याचे जाहीर केले. एकाच कोअरवर चार आज्ञाप्रवाह चालवू शकेल अशी ईव्ही८ ही पुढची चिप तेव्हा संरचनेच्या अवस्थेत होती. ती तेथेच संपली.

या निर्णयामागे आर्थिक कारणेही होती, हे मान्य केले पाहिजे. स्वतःची प्रोसेसरमालिका पोसणे अतिशय खर्चिक असते आणि कॉम्पॅकला तो भार नकोच होता. तरीही एक गोष्ट उरते. चालू असलेल्या, मोजता येणाऱ्या, गुण सिद्ध झालेल्या वस्तूची तुलना एका वर्णनाशी झाली आणि वर्णन जिंकले. वर्णनाला उष्णता निर्माण होत नाही, वर्णनात चूक सापडत नाही, वर्णनाचा उत्पादनखर्च येत नाही. अशा स्पर्धेत वास्तवाने हरावे यात नवल ते कोणते? इटॅनियमची पुढे काय गत झाली हे सर्वश्रुत आहे. एएमडीने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉनच्या रूपाने जुन्या एक्स८६ चाच ६४ बिटी विस्तार आणला, पुढच्याच वर्षी इंटेलला तो मार्ग स्वीकारावा लागला, आणि इटॅनियम अखेरपर्यंत एका छोट्या वर्तुळात राहिला. त्याची अखेरची पाठवणी २०२१ मध्ये झाली. अल्फा परत आला नाही.

दुसरे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल यांनी दोन दिवसांच्या अंतराने एक गिगाहर्ट्झचे प्रोसेसर जाहीर केले आणि क्लॉक स्पीड हीच गुणवत्ता, हे समीकरण सामान्य ग्राहकाच्या मनात पक्के झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ परत बोलवावा लागला. शर्यतीच्या घाईची ती पहिली किंमत होती. नोव्हेंबरमध्ये पेंटियम ४ आला तेव्हा त्याची संरचना पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल असे सांगितले जात होते. आकडा गोल होता, लक्षात राहण्याजोगा होता आणि त्यामागे इतिहासाचे पाठबळही होते, कारण त्यापूर्वीच्या दहा वर्षांत वेग खरोखरच कित्येक पटींनी वाढला होता. जे सुटले ते भौतिकशास्त्र. रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान होताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता आले, तर क्षेत्रफळामागे लागणारी वीज वाढत नाही. व्होल्टेज कमी करण्याला मर्यादा आली, गळतीचा प्रवाह वाढला आणि उष्णता आवरेनाशी झाली. मे २००४ मध्ये 'तेजस' हा आगामी प्रोसेसर रद्द झाला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ही त्याच वर्षी मागे घेण्यात आला आणि ऑक्टोबरमधील एका परिषदेत इंटेलचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनी व्यासपीठावर गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. त्यात थट्टेचा भाग होता, हे खरे. पण या वाङ्मयात दिलेल्या शब्दाची आठवण ठेवून जाहीरपणे काही म्हटले गेल्याचे प्रसंग इतके थोडे आहेत की हा लक्षात ठेवावा. मालिका ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली.

आता या लेखनाच्या भाषेकडे वळू. त्यातील पहिली लक्षणीय गोष्ट म्हणजे सांकेतिक नावे. इंटेलने विलामेट, मर्सेड, क्लॅमथ अशी नद्यांची नावे बराच काळ वापरली. एएमडीने एका मालिकेला बुलडोझर, पाइलड्रायव्हर, स्टीमरोलर अशी बांधकामाच्या यंत्रांची नावे दिली आणि पुढे मातिस, व्हर्मीर, राफाएल या चित्रकारांकडे धाव घेतली. कार्यालयीन सोयीसाठी ठेवलेले हे नाव बाहेर पडले की त्याला व्यक्तित्व चिकटते. अनामिक वस्तूविषयी कोणी वर्षभर वाद घालणार नाही. नाव असलेल्या, पण चेहरा न दिसलेल्या पात्राविषयी घालतात. कादंबरीतील पात्र प्रवेश करण्यापूर्वी इतरांच्या तोंडून त्याची कीर्ती ऐकवण्याची जी जुनी युक्ती आहे, तीच ही.

दुसरी गोष्ट 'पर्यंत' या शब्दयोगी अव्ययाची. 'चाळीस टक्क्यांपर्यंत अधिक वेगवान' या विधानात सारा भार 'पर्यंत'वर असतो, कारण शून्य टक्के वाढही त्या विधानाच्या मर्यादेत बसते. बातमी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना हे अव्यय गळून पडते. आकडा प्रवास करतो, अट मागे राहते. मराठी वृत्तपत्रांतील तंत्रज्ञानविषयक मजकुरात तर भाषांतराच्या घाईमुळे ते अनेकदा पहिल्याच टप्प्यावर नाहीसे होते. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ जाहीर करताना दाखवलेल्या आलेखांत तुलनेतील दुसऱ्या चिपचे नावही स्पष्ट नव्हते. ती चिप पुढे स्वतंत्र चाचण्यांत उत्तम ठरली ही गोष्ट वेगळी. पण आलेखाचा दोष त्यामुळे भरून येत नाही. नॅनोमीटरचेही तसेच. चिपनिर्मितीच्या तंत्राला दिलेला आकडा आता चिपवरील कोणत्याही प्रत्यक्ष अंतराचा निदर्शक राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये इंटेलने आपल्या १० नॅनोमीटर तंत्राच्या सुधारित आवृत्तीचे 'इंटेल ७' असे नामकरण केले, तेव्हा मापाचे रूपांतर नावात झाल्याचे उघडच झाले.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की मग अनुमान करूच नये काय? तसे मुळीच नाही. या वाङ्मयात एक अस्सल, कष्टाळू शाखा आहे आणि तिची दखल फार कमी घेतली जाते. नवा प्रोसेसर बाजारात येण्याआधी त्याच्यासाठी कंपायलर आणि लिनक्सच्या गाभ्यात बदल करावे लागतात. हे बदल कंपन्या स्वतःच खुलेपणाने सादर करतात, आणि चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अतिशयोक्ती करून चालत नाही. एएमडीच्या झेनसाठीचे बदल २०१५ मध्येच जीएनयूच्या साधनांत दिसू लागले होते. बुलडोझरसाठी आणलेल्या काही आज्ञा नव्या प्रोसेसरने टाकून दिल्या आहेत, हे त्यावरून जाणकारांनी ओळखले. जुन्या हस्तलिखिताच्या पाठभेदांवरून निष्कर्ष काढणाऱ्या संशोधकाची ही पद्धत आहे. तिच्यात वेगाचे आकडे मिळत नाहीत, म्हणून तिला वाचक कमी.

बुलडोझर आणि झेन यांची जोडी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे, कारण कंपनी एकच आणि वाचकवर्गही तोच. बुलडोझरची वाट लोकांनी अनेक वर्षे पाहिली. ऑक्टोबर २०११ मध्ये आठ कोअरचा एफएक्स-८१५० आला, तेव्हा काही चाचण्यांत तो कंपनीच्याच आधीच्या सहा कोअरच्या फेनॉमपेक्षा मागे पडला. प्रतीक्षाकाळातील लेखन कोअरच्या संख्येभोवती फिरत होते. दोन कोअर मिळून एकच दशांशगणित-विभाग वापरणार आहेत हे जाहीर असूनही त्याचा अर्थ लावण्यात फारसा कोणाला रस नव्हता. माहिती दडवलेली नव्हती, ती वाचली गेली नाही. झेनच्या वेळी कंपनीने आधीच्या संरचनेपेक्षा प्रत्येक क्लॉकमागे ४० टक्के अधिक काम होईल असे सांगितले आणि मार्च २०१७ मध्ये बाजारात आणताना तो आकडा ५२ असल्याचे जाहीर केले. एकदा तोंड पोळलेल्या वाचकांनी यावेळी शंका अधिक घेतली आणि कंपनीनेही शब्द बेताने वापरले. दोन्ही पक्षांना हे शहाणपण बुलडोझरच्या अपयशाने दिले होते.

वाट पाहणे ज्यांना परवडत नाही अशांचे काय, हा प्रश्न उरतो. महासंगणक बांधणाऱ्या संस्थेला पुढच्या चिपवर पैज लावावीच लागते, आणि याबाबतीत पुण्याचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० सिद्ध केला, तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर. त्याच वर्षी इनमॉसने टी९००० या पुढच्या ट्रान्सप्युटरची घोषणा केली. त्याच्याविषयी जगभर मोठ्या अपेक्षा होत्या. तो रेंगाळत गेला, ठरलेला वेग त्याला गाठता आला नाही आणि ट्रान्सप्युटरची परंपराच संपुष्टात आली. सी-डॅकची यंत्रे मात्र पुढे जात राहिली. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला. परम ९००० ची संरचनाच अशी केली होती की नवे प्रोसेसर तिच्यात सामावून घेता यावेत. त्यात सुपरस्पार्क वापरले गेले. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क होते आणि त्यानंतरच्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर४. प्रत्येक वेळी मालिकेचे नाव तेच राहिले आणि आतली चिप, त्या वेळी बाजारात जी प्रत्यक्ष मिळत होती, ती बसवली गेली.