‘मृत आत्मे’ : एक न सुटणारें कोडें

निकोलाय गोगोलची ‘मृत आत्मे’ ही रशियन कादंबरी १८४२ सालीं प्रसिद्ध झाली. विनोदी म्हणून तिची ख्याति आहे व ती खोटी नाहीं. परंतु शेवटचें पान उलटल्यावर आपण इतका वेळ नेमके कोणाला हंसलों, हें आम्हांस सांगतां येईना.

रशियांत १८६१ पर्यंत शेतकरी जमीनदाराच्या मालकीचे असत. आपण माणसें डोयांनीं मोजतों. तेथील सरकार हे दास ‘आत्म्यां’नीं मोजी. दोन मोजण्यांच्या मध्यें जो मरे, त्याचा कर पुढील मोजणीपर्यंत मालकास भरावाच लागे. चिचिकोव्ह नांवाचा एक गोडबोल्या गृहस्थ असलीं मेलेलीं नांवें स्वस्तांत विकत घेत हिंडतो. कागदोपत्रीं जिवंत असलेले हे दास सरकारी संस्थेकडे गहाण टाकावे व पैसा उभा करावा, हा त्याचा बेत.

मानिलोव्ह नांवें फुकट देतो. कोरोबोच्का या विधवेला विक्रीचें कांहीं वाटत नाहीं, बाजारभाव ठाऊक नाहीं एवढीच धास्ती! सोबाकेविच तर नांवामागें शंभर रूबल मागतो आणि आपल्या मेलेल्या कारागिरांची तारीफ सुरू करतो : गाड्या बनविणारा मिखेयेव काय, सुतार प्रोब्का काय! ते मेले आहेत ना, असें म्हटल्यास तो कबूल करतो. पण हल्लींचे जिवंत म्हणजे निव्वळ माशा, असेंहि ऐकवितो. सौदा अडीच रूबलांवर तुटतो. येथें आम्ही पोटभर हंसलों.

खरी अडचण सातव्या प्रकरणांत आली. कारकुनांचे पैसे वांचवावे म्हणून चिचिकोव्ह स्वतःच खरेदीखतें लिहावयास बसतो, आणि त्या याद्या वाचतां वाचतां त्याचें मन हलतें. हा सुतार कोठें पडून मेला असेल? हा पळालेला दास व्होल्गेवर नावा ओढणाऱ्यांत रमला असेल काय? साऱ्या पुस्तकांत या गरिबांविषयीं इतक्या जिव्हाळ्याचें दुसरें स्थळ आम्हांस आढळलें नाहीं, आणि तें एका ठकाच्या मनांत! लेखकानें आपलेच विचार पात्राच्या गळ्यांत बांधले, असें म्हणून सुटतां येतें. आम्हांस तें पटत नाहीं. मालकांना हे लोक मेले काय नि जगले काय, हिशेबापुरते सारखेच. ज्याला ते जिवंत दाखवावयाचे आहेत, त्यालाच ते जिवंत कल्पावे लागतात! सज्जनाच्या तोंडीं हें घातलें असतें तर तें कीर्तन झालें असतें व आम्ही सुखानें माना डोलविल्या असत्या. गोगोल तें सुख देत नाहीं. क्षणांत चिचिकोव्हचें ध्यान घड्याळाकडे जातें आणि तो कचेरीची वाट धरतो.

पुढें गांवभर उठलेल्या कंड्यांनीं सरकारी वकील दगावतो, तेव्हां कोठें लोकांस कळतें कीं यालाहि आत्मा होता! या एका वाक्यासाठीं दहा पानांचें पाल्हाळ आम्ही माफ केलें. शेवटच्या त्रोइकेच्या भरधांव वर्णनाला मात्र नाहीं. वायुवेगानें धांवणाऱ्या रशियाचा तो गौरव कितीहि उदात्त असो, गाडींत बसला आहे चिचिकोव्हच. आणि लेखक तें विसरला कीं मुद्दाम विसरल्यासारखें करतो, हें दुसऱ्या वाचनींहि आम्हांस उमगलें नाहीं.

चिचिकोव्हला सन्मार्गास लावण्याचा गोगोलचा संकल्प होता. दुसऱ्या भागाचें हस्तलिखित त्यानें फेब्रुवारी १८५२ मध्यें जाळलें व थोड्याच दिवसांत तो वारला. उरलेल्या तुकड्यांत कोस्तान्झोग्लो नांवाचा एक आदर्श जमीनदार आहे. तो शेतीवर पुष्कळ बोलतो. आम्हीं तीं पानें भराभर चाळलीं आणि पुन्हां सुतार प्रोब्काकडे वळलों.