वक्षावर हात ठेवलेला सरदार

(एल काबायेरो दे ला मानो एन एल पेचो). क्रीट बेटावर जन्मलेल्या व पुढे स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या एल ग्रेको (१५४१–१६१४) या चित्रकाराचे तैलरंगातील विख्यात व्यक्तिचित्र. कॅनव्हासवरील हे चित्र (सु. ८२ × ६६ सेंमी.) माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. एल ग्रेको १५७७ मध्ये टोलीडो येथे आला. त्यानंतर अल्पावधीतच, सु. १५८० मध्ये, त्याने ते रंगविले.

काळ्या पोशाखातील सरदार प्रेक्षकाकडे सरळ पाहत आहे. पांढरी झालरदार गळपट्टी व मनगटपट्टी यांमुळे चेहरा आणि उजवा हात उठून दिसतात. तलवारीची सोनेरी मूठ व अर्धवट झाकलेले पदक त्याची प्रतिष्ठा सूचित करतात. हा मोंतेमायोरचा मार्क्विस हुआन दे सिल्व्हा असावा, असे एक मत आहे. तथापि ते निर्विवाद नाही.

हाताची मधली दोन बोटे जुळलेली आहेत. या मुद्रेचा अर्थ कोणी शपथ, तर कोणी धर्मनिष्ठा असा लावतात. टोलीडोच्या कॅथीड्रलमधील एल एस्पोल्यो (१५७७–७९) या चित्रातील ख्रिस्ताचा हातही असाच आहे. त्यामुळे ही मुद्रा त्या सरदाराची खास लकब नसून चित्रकाराच्या आवडीचा संकेत ठरते. व्यक्तीचे वेगळेपण हातात नव्हे, तर किंचित असमान खांद्यांत व शांत, थकलेल्या दृष्टीत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्पॅनिश लेखकांना या चित्रात कॅस्टीलच्या विरक्त, कठोर आत्म्याचे दर्शन घडले. काळोखातून उजळणारा चेहरा हा त्या अर्थाचा मोठा आधार होता. परंतु १९९६ मधील स्वच्छतेत तो काळोख बव्हंशी उत्तरकालीन रंगलेपांचा असल्याचे दिसून आले. मूळ पार्श्वभूमी करडी असून तीत आकृतीची बाह्यरेषा व वस्त्राचा पोत स्पष्ट होतात. अनेकांना परिचित चित्र हरवल्यासारखे वाटले. वस्तुतः हरवले ते त्यावर चढलेले भाष्य. उरलेल्या चित्रात एल ग्रेकोने व्हेनिसमध्ये आत्मसात केलेली, तिशनच्या परंपरेतील रंगदृष्टी अधिक प्रत्ययास येते. त्यातील गांभीर्य मात्र उणावत नाही; कारण त्याचे मूळ पार्श्वभूमीच्या काळेपणात नसून आकृतीच्या संयमात आहे.