सरवा आणि करुणा : मिले यांच्या एका चित्राची भाववृत्ती

ज्याँ-फ्राँस्वा मिले यांच्या ‘दे ग्लानोज’ (१८५७) या तैलचित्राला ‘करुण’ म्हणून त्याची बोळवण करण्याचा प्रघात आहे. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातील या चित्राचे शीर्षक मराठीत ‘सरवा वेचणाऱ्या’ असेच करावे लागते, आणि रूढ वाचनाला पहिली हरकत तेथेच उभी राहते. कापणीनंतर शेतात राहिलेल्या ओंब्या वेचणे म्हणजे भीक मागणे नव्हे. फ्रान्समध्येही तो गरिबांचा रूढीने आणि कायद्याने मानलेला हक्क होता.

चित्राच्या अग्रभागी तीन स्त्रिया आहेत. दोघी कमरेत पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट वाकलेली. डावीकडच्या स्त्रीचा एक हात जमिनीकडे गेला आहे. ओंब्यांची जुडी धरलेला दुसरा हात तिने पाठीवर ठेवला आहे. दिवसभर वाकून काम करणारी माणसे ज्याने पाहिली असतील, त्याला या पाठीवरच्या हाताचा अर्थ सांगावा लागत नाही. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. करुणेला याचना करणारे डोळे हवे असतात. मिले ते नाकारतात.

चित्राचा भाव खऱ्या अर्थाने घडतो तो मागच्या शेतामुळे. तेथे सोनेरी उजेडात सुड्या रचल्या आहेत, गाडी भरली जात आहे, कापणी करणाऱ्यांची लगबग आहे आणि उजवीकडे दूरवर घोड्यावर बसलेला देखरेख्या आहे. सुगी तिकडे आहे. इकडे उरला आहे तो उघडा धसकटांचा पट्टा. वाकलेल्या दोघींच्या पाठी क्षितिजरेषा ओलांडत नाहीत. दूरच्या सुड्यांची गोलाई मात्र त्याच पाठींत पुन्हा उमटते. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की विषण्णतेपेक्षा एक अवघडलेला ताण जाणवू लागतो.

१८५७च्या सालोंमध्ये हे चित्र मांडले गेले, तेव्हा १८४८च्या क्रांतीला नऊच वर्षे झाली होती. ज्याँ रूसो या समीक्षकाला या स्त्रियांच्या मागे १७९३च्या वधस्तंभांची छाया दिसली. त्याचा रोष अन्याय्य असला, तरी पुढच्या काळातील हळव्या प्रशंसकांपेक्षा त्याने चित्र अधिक नीट पाहिले होते, असे म्हणणे भाग आहे.

तरीही एक आक्षेप उरतोच. या तिघींना मिले यांनी शिल्पासारखी घनता आणि भव्यता बहाल केली आहे. त्या भव्यतेत दारिद्र्य देखणे होते, आणि पाहणाऱ्याचा ताण काहीसा सैलावतो.