‘ऊर्जाचक्र’ : एक सदोष शब्द

सृष्टिविषयक मराठी लेखांत ‘ऊर्जाचक्र’ हा शब्द अधूनमधून भेटतो. शब्द कानाला गोड आहे. परंतु आमच्या मतें तो वाचकाची दिशाभूल करतो. सूर्याची ऊर्जा गवतांत व गवतांतून गाईंत जाते. पायरीपायरीला तिचा मोठा भाग उष्णतारूपानें निघून जातो, तो परत फिरत नाहीं. फिरतात तीं नत्र, स्फुरद इत्यादि पोषकद्रव्यें. आणि तींहि माणसानें फिरूं दिलीं तरच.

पुण्याचेंच पाहा. गांवोगांवचें धान्य शहरांत येतें. त्यांतील नत्र-स्फुरद शेताकडे न परततां पुष्कळसें सांडपाण्यावाटें मुळा-मुठेंत उतरतें. तिच्यावर जलपर्णी माजते, आणि उरलेलें भीमेतून १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनीच्या जलाशयांत जातें. शेतकरी मात्र दरसाल नवें खत विकत घेतो! ज्या भाषेनें ‘सोनखत’ हा शब्द घडविला तिच्या लेखकांना हें तुटलेलें चक्र दिसूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें. जें चक्र नाहीं त्यालाच चक्र म्हटल्यावर खरें चक्र नजरेआड होणारच.

२०१७ सालीं निघालेल्या नववीच्या विज्ञान-पुस्तकानें ‘ऊर्जाप्रवाह’ हा नेमका शब्द योजिला आहे. मोठ्यांसाठीं लिहिणाऱ्यांनीं तो कां टाळावा?