बाबिन्स्कींच्या २८ ओळी

वैद्यकातलं लेखन रसग्रहणासाठी सहसा कुणी निवडत नाही. पण जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये जीवशास्त्राच्या मंडळापुढे मांडलेलं टिपण जेमतेम २८ ओळींचं आहे. ‘पायात जोरच राहिला नाही’ म्हणत आलेल्या रुग्णाच्या तळव्यावर फिजिओथेरपिस्ट आज रेघ ओढून पाहतात, ती याच टिपणामुळे.

विषय एवढाच : एका बाजूला लकवा झालेल्या माणसाच्या तळपायाला टोचलं तर काय होतं? बाबिन्स्की आधी धडधाकट बाजू सांगतात. मांडी वर येते, गुडघा वाकतो, पाऊल वर ओढलं जातं, बोटं खाली वळतात. मग लुळी बाजू, त्याच क्रमानं. मांडी तशीच, गुडघा तसाच, पाऊलही तसंच. बोटं मात्र वर उचलली जातात. मांडीपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचं एकमत, आणि फुटतात ते अगदी टोकाला. वाचणाऱ्याची नजर वरून उतरत नेमकी तिथे पोचते. निष्कर्ष आधी सांगून टाकायची घाई इथे नाही. मला तर हे वर्णन वाचतानाच आपला पाय आखडल्यासारखा वाटतो.

कारणमीमांसा जवळजवळ नाहीच. मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोंच्या या शिष्याला मोठा सिद्धान्त मांडण्याचा मोह सहज झाला असता. हिस्टेरियावरच्या शार्कोंच्या पाठाचं ब्रुइए यांनी १८८७ मध्ये रंगवलेलं चित्र प्रसिद्ध आहे. त्यात कोसळणाऱ्या रुग्णेला सावरणारे तरुण डॉक्टर म्हणजे बाबिन्स्कीच. लुळेपण हिस्टेरियाचं की मज्जासंस्थेतल्या बिघाडाचं, हा त्या काळचा छळणारा प्रश्न होता. आणि इथे असं लक्षण हाती आलं, जे रुग्णाच्या इच्छेवर चालत नाही.

तरीही ते दरवेळी दिसतंच असं नाही, हे टिपणातच नोंदलेलं आहे. म्हणूनच अंगठा खाली वळला म्हणून ‘काही नाही’ म्हणता येत नाही. वर गेला, तर मात्र थांबावंच लागतं. फिजिओथेरपिस्टकडे आलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘कमरेत नस दबली’ लिहिलेलं असतं, व्यायाम ठरलेले असतात. पण कमरेत दबलेल्या नसेनं मोठ्या माणसाचा अंगठा वर जात नाही. बिघाड वर कुठेतरी आहे, मज्जारज्जूत किंवा मेंदूत. रुग्णाला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवायचं.

सर्वांत सुंदर कबुली दोन्ही पाय गेलेल्यांबद्दलची आहे. तिथेही बोटं वर जातात, पण ताडून पाहायला धड बाजूच उरत नाही, म्हणून पुरावा कमी ठसठशीत, असं बाबिन्स्की म्हणतात. अशा वेळी बिघाड मानेतल्या मज्जारज्जूतही असू शकतो, म्हणून आज तपासणाऱ्याचा हात वर सरकतो : दंडाचे, कोपराचे झटके पाहायचे, मूठ आवळायला सांगायची, मान कधी दुखते का विचारायचं. पायांची तक्रार घेऊन आलेला माणूस यावर बहुधा म्हणतो, ‘अहो, हातांना काही झालेलं नाही माझ्या!’