हसरा मुखवटा आणि भय

विदूषकाचा धर्म हसविण्याचा. तरीही गेल्या चार दशकांतील पाश्चात्त्य भयपटांनी भयाचे वाहन म्हणून वारंवार त्याचीच निवड केली आहे. १९८२ सालच्या ‘पोल्टरगाइस्ट’ चित्रपटात मुलाच्या निजायच्या खोलीत खुर्चीवर बसविलेली विदूषकाची बाहुली त्याच्या जिवावर उठते. स्टीफन किंग ह्यांच्या ‘इट’ ह्या १९८६ च्या कादंबरीतील पेनीवाइज नावाचा विदूषक १९९० मध्ये दूरचित्रवाणीवर आला. पुढे अँडी मुशेटी ह्यांनी २०१७ व २०१९ मध्ये त्याच्यावर दोन चित्रपट काढले. बालकांच्या ह्या करमणूकदाराला पाहून बालकांची आणि त्यांच्या बापांचीही छाती का धडधडावी, हा प्रश्न रसिकाने विचारण्याजोगा आहे.

ह्याचे पहिले उत्तर भरतमुनींपाशी सापडते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाची कारणे सांगताना विकृत वेष आणि विकृत अलंकार ह्यांचा निर्देश आहे. भयानकाची कारणे सांगताना विकृत स्वर आणि भूतपिशाचादिकांचे दर्शन ह्यांचा. ‘विकृत’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे. त्याहून अर्थपूर्ण गोष्ट ही की, हास्याची देवता म्हणून तेथे प्रमथांची योजना केलेली आहे. प्रमथ म्हणजे शंकराचे गण. वेडेवाकडे, कुरूप, स्मशानात नाचणारे. हास्याचे पालकत्व भुतांच्या मेळ्याकडे सोपविणाऱ्या त्या शास्त्रकाराला हास्य आणि भय ह्यांचे नाते चांगलेच ठाऊक असले पाहिजे. रंगविलेले नाक, फाकलेले ओठ, पांढराफटक चेहरा ही सामग्री दोघांचीही आहे.

मग एकाच सामग्रीतून कधी हसू आणि कधी भीती का निपजते? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस मॅकअँड्र्यू ह्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १,३४१ जणांना प्रश्न विचारले होते. कोणत्या व्यवसायातील माणसे मनाला अस्वस्थ करतात, ह्याच्या उत्तरात विदूषक अग्रस्थानी आला. धोका उघड असला तर माणूस पळतो, नसला तर निर्धास्त राहतो. परंतु धोका आहे की नाही हेच कळेनासे झाले म्हणजे त्याच्या अंगावर काटा येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वकिलीच्या व्यवसायात आयुष्य घालविणाऱ्यास हे सहज पटेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील बारावा नियम न्यायाधीशाला साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा नोंदविण्याची मुभा देतो, कारण शब्द खोटे बोलले तरी मुद्रा पुष्कळदा खरे बोलते. विदूषकाच्या तोंडावरील हसू रंगाने कायमचे गोंदलेले असते. तो संतापला, कंटाळला, दुष्ट हेतू मनात धरून जवळ आला, तरी ते हसू ढळत नाही. तो असा साक्षीदार आहे की, ज्याची मुद्रा उलटतपासात कधीच फुटत नाही. लहान मुलाला मुखवटा आणि माणूस ह्यांतील भेद अजून उमगलेला नसतो म्हणून ते भिते. मोठ्यांना तो पुरेपूर उमगलेला असतो म्हणून ते भितात.

‘इट’च्या २०१७ च्या चित्रपटातील उत्कृष्ट प्रसंग ह्याच जाणिवेवर उभा आहे. पावसात कागदी होडी गटारात वाहून जाते आणि तिच्यामागे धावलेल्या जॉर्जी नावाच्या पोराला आतून विदूषक हाक मारतो. तो गोड बोलतो, विनोद करतो. मुलगा हसतो, विदूषकही हसतो. मग विदूषक एकाएकी हसायचा थांबतो आणि नुसता पाहत राहतो. रक्त अद्याप सांडलेले नाही, दात दिसलेले नाहीत. परंतु ह्या क्षणी प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडतो. बिल स्कार्सगार्ड ह्या नटाचे सामर्थ्य त्या स्तब्धतेत आहे. भागवतातील पूतना आपल्या वाचकांस परिचित आहे. ती देखणे रूप घेऊन, मायेने बाळाला मांडीवर घेत आली होती. तिचे भय राक्षसीच्या सुळ्यांपेक्षा त्या मायेत अधिक आहे. दुर्दैवाने हे मर्म चित्रपट पुढे विसरतो. एकदम अंगावर धावून येणारी आकृती आणि कानठळ्या बसविणारा आवाज ह्यांवर त्याचा उत्तरार्ध विसंबतो. दचकविणे म्हणजे भिवविणे नव्हे.

आमच्या पिरनवाडीहून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाट उतरला की गोमंतक लागतो. तेथील आणि सिंधुदुर्गातील देवळांच्या जत्रांत रात्रभर दशावतार रंगतो. त्याच्या आरंभीच्या आडदशावतारात संकासूर येतो. तो वेद चोरणारा असुर. अंगभर काळा वेष, काळ्या मुखवट्यावर लाल जीभ. आणि गंमत अशी की, सगळ्यांत अधिक हशा हाच पिकवितो. देव प्रौढ मराठीत बोलत असता हा गावच्या बोलीत थट्टा करतो. रत्नागिरीकडील शिमग्याच्या खेळ्यांतही संकासूर असतो. त्याच्या कमरेच्या घुंगरांचा आवाज आला की पोरे घरात पळतात, आणि लगेच दाराआडून डोकावूही लागतात. भय आणि हास्य ह्यांची ही जोडी पेनीवाइजच्या शेकडो वर्षे आधीपासून आपल्या देवळापुढे नांदत आहे.

तरीही दोहोंत मोठे अंतर आहे. संकासुराला जागा नेमून दिलेली आहे, वेळ नेमून दिलेली आहे, आणि त्याचा वधही नेमून दिलेला आहे. विष्णू येतो, असुर पडतो, वेद परत मिळतात. मूल ज्या आजीच्या पदराआड लपते ती आजी त्याच वेळी हसत असते. पहाटे दहीकाला होतो, आणि रात्रीचे देव-दानव मुखवटे उतरवून गावकऱ्यांबरोबर प्रसाद घेतात. भयाला असा काठ असतो. भयपटाने विदूषकाला सर्कशीच्या रिंगणातून उचलून गटारात, न्हाणीघरात आणि पलंगाखाली नेले. रिंगण मोडले, तेव्हा करारही मोडला. शेजारी हसणारे वडीलधारे माणूस नाही, आणि पडदा मिटला तरी विदूषक मेला असल्याची खात्री नाही. कादंबरीप्रमाणे तो सुमारे सत्तावीस वर्षांनी पुन्हा उठतोच.

२०१९ च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी मात्र एक लक्षणीय गोष्ट घडते. प्रौढ झालेली ती मुले पेनीवाइजला घेरून ‘तू नुसता विदूषक आहेस’ असे हिणवू लागतात, आणि तो अक्रोडासारखा सुकत लहान होत जातो. प्रसंग कलादृष्ट्या भाबडा आहे, पण त्यातील विचार खरा आहे. असुराला चारचौघांत हसता आले की त्याचे बळ ओसरते, हे संकासुराला हसणाऱ्या जत्रेला केव्हाच समजलेले होते.

मुलांना असले चित्रपट दाखवावेत की नाही, ह्याचा विचार कायदा वयाच्या हिशेबाने करतो. १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमात २०२३ साली दुरुस्ती होऊन पालकांच्या देखरेखीच्या प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले. ही व्यवस्था उपयुक्त आहे. परंतु वयाबरोबरच पालकाने आणखी दोन प्रश्न विचारावेत: ह्या कथेत भयाला शेवट आहे काय, आणि ते पाहताना मुलाच्या शेजारी कोण बसणार आहे? मुलाला कधीच भिऊ न देणे हा उपाय नव्हे. भय ओलांडून पलीकडे जाता येते हे त्याने लहानपणीच अनुभविले पाहिजे. अंधाऱ्या खोलीत हाताएवढ्या पडद्यावर एकटे बसून पेनीवाइज पाहणाऱ्या मुलाला भय तेवढे मिळते. त्याला हसणारी आजी मिळत नाही.